शंभर नंबरी पेट्रोल आणि आमची न झालेली धुळ्याची खेप

भुसावळ
गुरुवार, २० नोव्हेंबर

आदरणीय साडूभाऊ पितांबरराव यांस,

रुपचंद सुरवाडेचा मनापासून जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत आणि तुमचा उजवा गुडघा, साखर आणि गच्चीवरची ड्रॅगनफ्रूटची झाडं ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. पत्र लिहायचं कारण असं की रविवारी दुपारी तुम्ही मला ‘आपला परिवार’ या ग्रुपमधून काढलंत आणि तेव्हापासून माझा फोन तुमच्याकडे एकदाच वाजून तुटतो. (सोमवारी वाटलं रेंज नसेल. मंगळवारी तुमच्या मेहुणीच्या, बेबाच्या फोनवरून लावला तर व्यवस्थित लागला आणि माझा आवाज ऐकून तुटला. तेव्हा समजायचं ते समजलो.) म्हणून काल पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पार्सल का रजिस्टर? म्हटलं, साधं पत्र. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट शोधायला आत गेल्या त्या चांगल्या दहा मिनिटांनी आल्या.

ग्रुपवर मी जे लिहिलं त्याबद्दल आधी माफी मागून मोकळा होतो. ‘सल्ल्याबद्दल आभारी आहे. गाडी बंद पडली. आता सल्लागारानेही बंद पडावे’ हे वाक्य मी पारोळ्याच्या अलीकडे, भर उन्हात, हाताला ग्रीस लागलेलं असताना लिहिलं. ते फक्त तुम्हाला पाठवायचं होतं. त्रेचाळीस माणसांना गेलं. त्यातल्या अकरा जणांनी हसण्याचं चित्र टाकलं यात माझा दोष नाही, पण सुरुवात माझी होती. तुमच्या घरचा एवढा मोठा दिवस, अक्कांचा निवृत्तीचा सत्कार, आणि आम्ही आलो नाही, वर हा आगाऊपणा. का आलो नाही ते सगळं क्रमवार सांगतो. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, एकतीस वर्षं लॉगबुक भरलंय, सुटलो किती वाजता आणि कुठे थांबलो हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गाडी तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. शहाऐंशी सालची पांढरी अँबेसेडर, पेट्रोलवरची. ऑफिसात नवी आली तेव्हा सीटवरचं प्लास्टिक मी माझ्या हाताने काढलं होतं. सतरा वर्षं चालवली. सात साहेब तिच्या मागच्या सीटवर बसून गेले आणि सातांपैकी एकानेही कधी दार जोरात लावलं नाही, कारण मी आरशातून बघत असे. मग तिचा लिलाव झाला आणि फैजपूरच्या अभिमन पाटलांनी ती नेली. ते केळीवाले. त्यांनी दोन-चार वर्षं चालवली आणि मग वखारीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली ती ठेवलीच. मी रिटायर झाल्यावर वर्षातून एकदा तिला बघायला जात असे. (बेबा म्हणायची, माहेरी गेलेल्या लेकीला बघायला जातात तसे जाता.) यंदा पाडव्याला अभिमनभाऊच म्हणाले, “रुपचंदभाऊ, तुम्ही तिच्याकडे असं बघतात की मलाच चोरल्यासारखं वाटतं, न्या बरं एकदाची.” नेली. कागदपत्रं नवी केली, फिटनेस झाला, आणि अजूनही काच वर केली की आत पिकलेल्या केळ्यांचा वास येतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जुना ड्रायव्हर, त्याला पेट्रोल कोणतं टाकायचं हे कळू नये? तर साडूभाऊ, इथेच सगळी गोम आहे. एकतीस वर्षांत मी पेट्रोल निवडलंच नाही. साहेबांची सही झालेली स्लिप घेऊन जायचं, ठरलेल्या पंपावर उभं राहायचं, आकडा लिहायचा. पंपावर एकच नळी होती आणि तिच्यातून येई ते पेट्रोल. आता स्वतःची गाडी घेऊन गेलो तर तिथे तीन-तीन नळ्या, एक साधी, एक भारी आणि एक त्याहून भारी, आणि पोरगं विचारतं, काका कोणतं? मला घाम फुटला. हॉटेलात वेटरने यादी वाचून दाखवावी आणि आपण चहा म्हणावं तसं मी ‘साधं’ म्हणालो, आणि घरी येईपर्यंत माझ्या मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदा हिला मी माझ्या हाताने खाऊ घालतोय आणि तेही साधं?

म्हणून मी ग्रुपवर विचारलं. आणि तुम्ही उत्तर दिलंत. तुमचा तो सव्वीस ओळींचा मेसेज मी जपून ठेवला आहे. जुन्या इंजिनाला ताकद कमी, म्हणून त्याला जास्त नंबरचं पेट्रोल द्यावं, म्हाताऱ्या माणसाला जसा च्यवनप्राश. शंभर नंबरचं मिळालं तर सोडू नये. आणि शंभर नंबरी घातल्यावर ठिणगी वाटणारा डेलको किंचित फिरवून टायमिंग पुढे घ्यावं, म्हणजे ठिणगी लवकर पडते आणि गाडी पळते. खाली तुमची सही, ‘पितांबर बिऱ्हाडे, निवृत्त मुख्य लिपिक’. मला ते पटलं. एक तर तुम्ही मोठे साडू, दुसरं म्हणजे तुमच्याकडे ती बिनआवाजाची विजेची गाडी, म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत तुमचा काही स्वार्थ नाही असं मी धरलं.

शेजारचे ईश्वरभाऊ तायडे (मिलिटरीतून आलेले, सगळ्याच गोष्टीत शत्रू शोधतात) यांचं मत निराळं. नंबर सोडा, म्हणाले, आता पेट्रोलात इथेनॉल येतं ते जुन्या गाडीचं आतडं खातं, आधी ते तपासा. त्यांनी मोबाइलवर दाखवलं, काचेच्या भांड्यात पेट्रोल आणि पाणी घालून हलवायचं, इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. माझ्या अंगात विज्ञान संचारलं. घरात मोजायला सोयीची काचेची वस्तू एकच, बेबाची लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी. खालचा थर वाढला, खरोखर वाढला, मी आनंदाने तिला बोलावलं आणि तिने आधी थर बघितला, मग बरणी बघितली, मग झाकण बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती बरणी अंगणात आहे आणि मी चहा पितो तो कप वेगळा ठेवलेला असतो. हा प्रयोग करून मला एवढंच कळलं की पेट्रोलात इथेनॉल असतं, जे पंपावर पाटीवर लिहिलेलंच आहे.

मग मी तुमचंच ऐकलं. हायवेवरच्या एका पंपावर शंभर नंबरी मिळतं असं कळलं, तिथे जाऊन टाकी भरली. घरी येऊन बॉनेट उघडलं आणि डेलको तुम्ही सांगितल्यापेक्षा थोडा जास्तच फिरवला. (किंचित म्हणजे किती हे तुम्ही लिहिलं नव्हतं. हा मुद्दा मी भांडणासाठी नाही, नोंदीसाठी लिहितो.) आणि काय सांगू साडूभाऊ, गाडी पळाली. नशिराबादच्या रस्त्यावर ती अशी निघाली की मला सत्तावीस वर्षांचा असल्यासारखं वाटलं, एका ट्रॅक्टरला आणि दोन रिक्षांना मागे टाकलं, घरी येऊन मी बेबाला म्हटलं की रविवारी अक्कांच्या सत्काराला आपण बसने जायचं नाही. ती म्हणाली, गाडीत पेट्रोलचा वास येतो. म्हटलं, शंभर नंबरी आहे, भारी वस्तूला वास असतोच. ती म्हणाली, अत्तराला असतो. पंधरा दिवस ती हेच सांगत होती आणि पंधरा दिवस मी तिला हेच उत्तर देत होतो, हे कृपया लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रविवारी सकाळी सव्वासातला सुटलो. बेबाने मोरपंखी साडी नेसली होती, मांडीवर वांग्याच्या भरताचा स्टीलचा डबा (अक्कांना आमच्याकडच्या बामणोदच्या वांग्याचंच भरीत लागतं), पिशवीत कळण्याच्या भाकरी, आणि पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद. तो कागद म्हणजे तिचं भाषण. बेबाने जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडलेलं नाही, पण आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच तिला वाढवलं, तेव्हा सत्काराच्या दिवशी आपण दोन शब्द बोलायचेच असं तिने ठरवलं होतं. आठवडाभर ती ते ओट्याशी पाठ करत होती. मी आत गेलो की गप्प व्हायची. मी पुढचं दार उघडून धरलं तर ती मागचं दार उघडून मागे बसली, डाव्या बाजूला, बरोब्बर साहेब बसायचे तिथे. मला हसू आलं. तिला आलं नाही.

एरंडोलपर्यंत आम्ही राजासारखे गेलो. तिथे काटा खाली आलेला दिसला, पंपावर थांबलो तर तिथे शंभर नंबरी नाही, साधंच. पुढे जाऊन शोधू म्हटलं असतं तर अडकलो असतो, म्हणून टाकी साध्याने भरली. आणि इथून पुढे, साडूभाऊ, गाडीने जे सुरू केलं त्याला मी आवाज म्हणणार नाही. पत्र्याच्या डब्यात कोणी मूठभर शेंगदाणे टाकून हलवावेत तशी खडखड. चढ आला की जास्त. मग उष्णतेचा काटा चढायला लागला. मग धक्के. पारोळा आठ-नऊ किलोमीटर राहिलं असताना ती दोनदा खोकली आणि रस्त्याच्या कडेला कपाशीच्या शेतापाशी उभी राहिली. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं. सत्कार अकराला.

पुढचा पाऊण तास मी बॉनेटखाली होतो. कापूस वेचायला निघालेले एक आबा बांधावर थांबले आणि म्हणाले, “काय व्हयनं भाऊ, तपी गयी का गाडी? पानी टाका, बठ्ठं बराबर व्हई जाई.” पाणी टाकलं. बठ्ठं बराबर झालं नाही. आबांनी बिडी पेटवायला काडी काढली तेव्हा मात्र बेबा गाडीतून उतरली आणि म्हणाली, “आबा, इथं नका, पेट्रोल गळतंय.” मी वाकून बघितलं. खरंच गळत होतं. इंजिनाचा पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधली रबरी नळी हाताला लोण्यासारखी लागली. भारी वस्तूचा वास तो हाच. आबा बिडी खिशात घालून लांब जाऊन बसले, आणि मी बेबाकडे न बघता फोन काढून तो मेसेज लिहिला, ज्याची माफी वर मागितली आहे.

बस धरून तू तरी पुढे जा, असं मी तिला म्हटलं. ती मैलाच्या दगडावर बसली होती, मांडीवर डबा. म्हणाली, “एक्क्याण्णव साली मी गेले होते एकटी.” मला कळेना. मग तिने सांगितलं आणि मला सगळं आठवलं. आमची शीतल व्हायच्या वेळी, कळा सुरू झालेल्या, हीच गाडी ऑफिसच्या फाटकाशी उभी, साहेब मीटिंगमध्ये, आणि मी नियमाचा माणूस. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही. मी तिला पायी चौकापर्यंत नेलं आणि रिक्षात बसवून परत आलो, कारण साहेब केव्हाही निघाले असते. साहेब साडेपाचला निघाले. शीतल पावणेपाचला झाली होती. चौतीस वर्षांत ती याबद्दल एकदाही बोलली नव्हती आणि मी तिला त्याचं काही वाटलं नाही असं धरून चाललो होतो. “मला बसने जायचं नाही,” ती म्हणाली, “याच गाडीतून जायचंय. नाहीतर नाही जायचं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो. एका कापसाच्या टेम्पोवाल्याने दोर बांधून आम्हाला ओढत नेलं आणि ती मागच्या सीटवर ताठ बसून राहिली, लोक बघत होते तरी.

टेम्पोने आम्हाला पारोळ्याच्या अलीकडच्या पंपावर सोडलं. तिथे नळीवर एक मुलगी होती, टोपी घातलेली, छातीवर नाव ‘भूमिका’. ती धावत आली, खडखड कशी झाली ते ऐकून घेतलं आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, “काका, टायमिंगला कोणी हात लावला?” साडूभाऊ, मी तुमचं नाव घेतलं नाही. ‘वडीलधाऱ्यांनी’ एवढंच म्हणालो. तिचे वडील वना मिस्तरी यांचं गॅरेज पंपाच्या मागेच, ते न्याहारीला घरी गेले होते. तोवर तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सारं समजावून सांगितलं. ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, सकाळी पंपावर असते आणि दुपारी शिकवण्या घेते. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ते तुमच्या सव्वीस ओळींच्या बाहेरचे आहेत.

“काका, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ऑक्टेन म्हणजे धीर. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते. दाब वाढला की काही पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आधीच भडकतं, ती तुमची खडखड. नंबर जास्त म्हणजे दाब सोसून ठिणगीची वाट बघायचा धीर जास्त. एवढंच. नव्या गाड्यांत दाब भरपूर, तिथे धीर लागतो. तुमच्या गाडीत दाबच कमी आहे, साध्या पेट्रोलचा धीर तिला पुरून उरतो. शंभर नंबरीने तिचं वाईट झालं नाही, चांगलंही झालं नाही. पण तुम्ही टायमिंग पुढे घेतलं आणि मग साधं टाकलं, तिथे फसलात.”

मी विचारलं, मग माझी गाडी पळत होती ती? ती म्हणाली, टायमिंग पुढे घेतल्यामुळे थोडी पळाली असेल, बाकीची तुमच्या मनात पळाली. मग म्हणाली, “आणि नळीचा प्रश्न वेगळा आहे. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. ते आधी बदलायला हवं होतं. नंबर निवडायच्या आधी नळ्या बघायच्या, काका.” (ईश्वरभाऊंना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते शत्रू सापडल्याच्या आनंदात झोपणार नाहीत.)

बेबा इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे पोरी, दाब सोसायचा आणि तरी भडकायचं नाही, त्याला शंभर नंबरी म्हणायचं?” भूमिका हो म्हणाली. “मग ते आमच्याकडे अडतीस वर्षांपासून आहे, हे उगीच पंपावर शोधत फिरले.” ती मुलगी तोंडावर हात ठेवून ऑफिसात गेली. मी छताकडे बघत राहिलो. पंपाचं छत उंच असतं, बघायला बरंच असतं.

वना मिस्तरी आले. सत्तरीचे, बारीक, कानावर पेन्सिल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, नळी दोन बोटांत दाबली, डेलकोकडे बघितलं आणि निकाल दिला, “गाडीले काही नही व्हयेल भाऊ. तिले सल्ला लागी गया शे.” हे अगदी नजर लागल्याच्या सुरात. आणि कामाला लागले. टाकी उतरवली तर तळाला वीस वर्षांचा गंज चहाच्या चोथ्यासारखा. केळ्यांच्या वखारीत उभी असताना साठलेला तो, नव्या पेट्रोलाने सुटा होऊन फिल्टरमध्ये येऊन बसला होता. टाकी धुतली, फिल्टर बदलला, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घातल्या, इंजिनाच्या पंपाचा पडदा बदलला, प्लग साफ केले, आणि शेवटी डेलको परत होता तिथे आणला. हे सगळं करताना ते मला पाना धरायला सांगत होते आणि मी धरत होतो. सतरा वर्षं चालवली, पण तिच्या पोटात काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार मजा आली, हे कबूल करतो. तुमच्याकडे सत्कार चालू होता आणि मी गाडीखाली उताणा पडून शिट्टी वाजवत होतो.

अकरा वाजले, बारा वाजले. बेबाने घड्याळ बघणं सोडून दिलं आणि डबा उघडला. एक वाजता वनाभाऊ, भूमिका, कापूसवाले ते आबा (ते मागून कुणाच्या तरी मोटरसायकलवर निकाल बघायला आले होते) आणि आम्ही दोघं असे गॅरेजात टायरांवर बसून अक्कांचं भरीत जेवलो. वनाभाऊंनी बोटं चाटली. बेबाने पर्समधला कागद एकदा काढला, बघितला आणि परत ठेवला. तेवढंच मला बघवलं नाही.

साडेतीनला पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. साध्या पेट्रोलवर. खडखड नाही, वास नाही, काटा मधोमध. वनाभाऊंनी कानावर हात ठेवून ऐकलं आणि म्हणाले, आता हिला काही विचारू नका, नुसती चालवा. तोपर्यंत धुळ्यातला कार्यक्रम उरकला होता, हार सुकले असणार, म्हणून शेवटी आम्ही भुसावळचा रस्ता धरला. तुमच्या दारापर्यंत अडतीस किलोमीटर राहिले होते. हा सारा वृत्तांत असा आहे. चूक तुमच्या सल्ल्याची थोडी, माझ्या हाताची जास्त आणि नळीकडे नाक असून न बघण्याची सगळ्यात जास्त. राग सोडा, ग्रुपमध्ये परत घ्या (नाही घेतलं तरी चालेल, चार दिवस फार शांत गेले), आणि यापुढे गाडीबद्दल मी तुम्हाला काही विचारलं तर कृपया उत्तर देऊ नका.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा धाकटा साडू,
रुपचंद

ता. क. — एक गोष्ट वर क्रमवार लिहायची राहिली. परत येताना गाडीत आम्ही तिघं होतो. पावणेतीनच्या सुमाराला धुळ्याहून आलेल्या बसमधून पंपासमोर अक्का उतरल्या (ठिकाण बेबाने फोनवर कळवलं होतं), अंगावर सत्काराची शाल, हातात नारळ. भरीत संपलंय हे ऐकून त्या पहिल्यांदा रागावल्या, मग रडल्या, मग दोघी बहिणी बराच वेळ गॅरेजातल्या फळकुटावर बसून होत्या. बेबाने तिथेच उभं राहून कागद वाचून दाखवला. सहा ओळी होत्या. वनाभाऊंनी कॉम्प्रेसर बंद केला होता. तुम्ही नंदुरबारला अक्कांच्या मैत्रिणीला, सविताबाईंना दोनदा फोन केलात असं कळलं, तर आता करू नका. चार दिवस मैत्रिणीकडे जाते असं अक्का तुम्हाला सांगून निघाल्या, ते खोटं नाही, बहिणीला मैत्रीण म्हणायला त्यांची हरकत नाही. त्या आमच्याकडे आहेत, दोन भाकरी खातात, दुपारी झोपतात. रागावल्या नाहीत, दमल्या आहेत, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. अंगणवाडीत छत्तीस वर्षं काढून त्यांना त्या दिवशी जे बोलायचं होतं, ते तुमच्या सत्तेचाळीस मिनिटांच्या भाषणानंतर वेळेअभावी राहून गेलं. ते त्यांनी पारोळ्यापासून भुसावळपर्यंत आम्हाला ऐकवलं. फार चांगलं होतं. एकदा तुम्हीही ऐका.

आणखी एक ता. क. — खरं काम हे आहे, त्यासाठीच पत्र. अक्कांच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. शिवाय कपाटात निळ्या फायलीत त्यांचं आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट फोटो आहेत, ते सगळं घेऊन लवकरात लवकर या. डॉक्टरांचा दाखला इथे मिळाला. लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायचा आहे. सोमवारपासून रोज सकाळी जिनिंग मिलच्या मोकळ्या मैदानावर मी शिकवतो, बेबा मागे बसते. पहिल्या दिवशी गाडी एकोणीस वेळा बंद पडली, काल दोनदाच. पासष्टाव्या वर्षी मला एवढा चांगला विद्यार्थी मिळेल असं वाटलं नव्हतं. पंपावर गाडी मी नेतो, पण त्या स्वतः काच खाली करून ‘साधं’ म्हणतात, आणि असं म्हणतात की पोरगं दुसरी नळी दाखवायची हिंमत करत नाही.

शेवटचा ता. क. — लायसन्स हातात आलं की ‘एल’ची पाटी लावून, मला शेजारी बसवून, अक्का स्वतः गाडी चालवत धुळ्याला येणार आहेत. त्या दिवशी तुमची विजेची गाडी फाटकातून काढून गल्लीच्या पार टोकाला उभी करा. गाडी मागे कशी घ्यायची ते मी अजून शिकवलेलं नाही. काल विचारलं, उद्या रिव्हर्स घेऊ या का, तर म्हणाल्या, “घाई नाही. आधी मला पोटभर पुढे जाऊ द्या.”